अडीच व्होल्ट

घोणसीकर मॅडमची पांढरी गाडी तिसऱ्यांदा आली
तेव्हा उदगिरात बेचाळीस होतं,
देगलूर रोडवरच्या आमच्या पत्र्याखाली त्याहून जास्त.
डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा.
गाडी पळते, ॲव्हरेज देते, धूर नाही, खोकला नाही,
फक्त दिवा.

टाकीचं झाकण मीच बदललं होतं.
मग लातूरच्या शोरूमनं सेन्सर बदलला, साडेचार हजार घेतले.
दिवा हेरच्या वळणापर्यंत विझलेला राहिला.

स्कॅनर लावला. पी शून्य चार पाच दोन.
खय्यूम चाचा बाजेवरून म्हणाले, "क्या बोलती?"
म्हटलं, टाकीतल्या वाफेचा दाब सांगणारी तार
काहीच सांगंना.
"वाफेचा?"
चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं कानानं तपासली,
पेट्रोलमधली भेसळ नाकानं.
जे उडून गेलं त्याचा हिशोब कुणी ठेवतं
हे त्यांना अजून पटत नाही.

पण ठेवतात. ऊन टाकीवर बसतं, पेट्रोल उठतं,
नळीतून कोळशाच्या डब्यात जाऊन थांबतं,
इंजिन चालू झालं की मागून घेतं.
हवेत सोडायचं नाही, एवढंच.

मीटर म्हणाला शून्य पॉइंट शून्य सहा.
मॅडम स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन.
जळकोटच्या दवाखान्यात त्या रोज शंभर दंडांना पट्टा बांधतात.
म्हणाल्या, "माझ्याकडं बीपी शून्य आलं ना,
तर मी पेशंटकडं बघतच नाही.
तो समोर चहा मागायलाय.
मी नळी बघते."

झाकण उघडलं. टाकी सुस्कारली.
आता आत-बाहेर एकच हवा, दाब शून्य.
आणि दाब शून्य असला
की या सेन्सरनं अडीच व्होल्ट द्यायचे असतात.
काही नाही, हे सांगायलासुद्धा
अडीच व्होल्ट लागतात.
खरं शून्य म्हणजे कुणीतरी तोंड दाबलंय.

गाडीखाली उताणा सरकलो.
प्लग काढला. तीन तारा.
पहिलीत पाच व्होल्ट, पूर्ण. दुसरी अर्थ, ठीक.
तिसरीत, जिच्यातून जबाब जातो,
सेन्सर नसतानाही तेवढंच शून्य.
म्हणजे नवा निर्दोष.
म्हणजे जुनाही निर्दोष होता.
हे मॅडमना लगेच सांगितलं नाही.

बॅटरी सोडली, कॉम्प्युटरचा प्लग सोडला,
मीटर ओहमवर. एक टोक तारेला, एक चासीला.
टीं.
टाकीच्या वर, जिथं हात जातो पण डोळा जात नाही,
तिथं बोटं फिरवत गेलो.
काळ्या मातीचा वाळलेला गठ्ठा, त्यात करडईचं एक बोंड,
आणि पट्टीच्या धारेवर तार,
जळकोट-उदगीर, उदगीर-जळकोट घासून घासून
नखाएवढी उघडी.
तांबं हिरवं पडलेलं.
जबाब रोज निघत होता
आणि इथंच लोखंडात मुरत होता.

कापली, जोडली, डाक दिला, बाही चढवली,
धारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला.
दोन पॉइंट पाच दोन.
चाचा म्हणाले, "इतना सा?"
मी तीनशे म्हटलं. मॅडमनी चारशे ठेवले,
डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना सेन्सर काढला,
"हा घे, मला काय करायचाय," म्हणाल्या,
आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून निघाल्या.

संध्याकाळी लाइट गेली. गिऱ्हाईक नाही.
जुन्या सेन्सरला तीन वायरी लावल्या, पाच व्होल्ट दिले,
तोंड शर्टाला पुसून हळूच फुंकलं.
दोन पॉइंट नऊ.
चाचा बाजेवरून उठले.
दम्यानं त्यांना जिना चढवत नाही.
"दे इधर."
दोन्ही हातांत धरून फुंकले,
मग मीटरकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले.
दोन पॉइंट सहा, चाचा.
"फिर से," म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले.