कार्डातलं भोक

शहापूरच्या खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानावर
माझी लॅब. दोन खोल्या, एक फ्रीज,
आणि नळ्या फिरवणारं यंत्र; ते सुरू झालं की
खालच्या दुकानातले तांबे हलके वाजतात.

वडगावातून हजेरी बहीण-भाऊ आले होते,
नीलव्वा आणि परसू.
एका पत्र्याखाली चार माग,
एकाच डेचकीतली आमटी,
एकाच सुताची धूळ दोघांच्या भुवयांवर.
संध्याकाळी आकडे आले.
सीआरपी: त्याचं शून्य पूर्णांक सहा,
तिचं चार पूर्णांक सात.

कुठं दुखालंय काय, विचारलं.
'नाही की. जेवतो, झोपतो, दिवसाला एक साडी उतरवतो.'
ताप नाही, खोकला नाही, दात शाबूत,
गुडघे मुकाट.
मशीनवर संशय घेऊन नळी पुन्हा लावली.
पुन्हा चार पूर्णांक सात.

मग मात्र ती भ्यायली.
वांगं सोडलं, हरभऱ्याची डाळ सोडली,
कुणाच्या तरी सांगण्यावरून
सकाळी उठून कडुलिंबाचा रस.
तीन महिन्यांनी: चार पूर्णांक पाच.
'एवढ्या कडू तोंडाचे एवढेच?'
म्हणाली, आणि त्या दिवशी घरी जाऊन
भरलं वांगं केलं.

गेल्या साली कॉलेजातली पोरं आली,
विणकरांच्या घराघरातून रक्त नेलं,
बर्फाच्या डब्यातून, माझ्याच फ्रीजमधून.
कागद परत आला तो इंग्रजीत, सही कन्नडात,
वाचून दाखवला मी मराठीत:
हे प्रथिन यकृतात बनतं.
अंगात कुठं आग लागली की भराभर बनतं.
काहींच्या यकृताला मात्र
आग नसतानाही चार थेंब जास्त सोडायची सवय असते,
जन्मापासून.
जनुकाच्या ओळीत एक अक्षर वेगळं,
आणखी कुठं कुठं दोन-चार, बारीक.
आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नाही.
फक्त, उद्या खरंच आजारी पडलीस
तर तुझी मोजणी कुठनं सुरू होते
तेवढं डॉक्टरला सांग.

ती गप्प. मग म्हणाली,
'म्हणजे जकार्डच्या कार्डात एक भोक जास्त.'
तिच्या मागावर आईच्या हातची कार्डांची माळ अजून फिरते.
त्यातल्या एका कार्डाला भोक चुकून पडलेलं,
म्हणून काठातल्या प्रत्येक कोयरीत
एक धागा वर राहतो.
व्यापाऱ्याला दिसत नाही,
नेसणारीला तर नाहीच.
नीलव्वाला बोटानं कळतं.
'काठ काय फाटत नाही त्यानं,' म्हणाली.

कागदाच्या कडेला छापलं होतं: मर्यादा तीन.
त्यावर बोट ठेवून तिनं विचारलं,
'ही रेघ कुणी मारली?
कुठल्या गावच्या लोकांचं रक्त बघून?'
आमच्या भागात रेघेचं नाव काढायचं
तर आधी खिडकी लावून घ्यावी लागते.
ती पिशवीचे बंद आवळत सहज विचारून गेली.
मला उत्तर माहीत नव्हतं. अजून नाही.

परसू जिन्यात रेंगाळला होता.
बहीण खाली पोचल्यावर हळूच म्हणाला,
'तिला आईचं अक्षर आलं. मला नाही.
मग मी आईचा कमी काय?'
हसणार होतो, पण त्याचा चेहरा बघितला.

आईची नळी कुणी भरून ठेवलेली नाही.
ती गेली तेव्हा वडगावात
असलं काही मोजत नव्हते;
तिचं ते अक्षर आम्हीच, अंदाजानं, मागं जाऊन लिहितोय.
त्याला सांगितलं,
प्रत्येक आईकडं अशा दोन ओळी असतात, बाबा.
एक हिला गेली.
दुसरी तुला.
तीही तिचीच.

त्यानं भुवईवरची धूळ पुसली,
खिशात हात घातला.
'पैसे किती?'
दोघांचे सारखेच, म्हटलं.