फीत

चर्चमागच्या हॉलमध्ये निळ्या खुर्च्या,
बाहेर सोएच्या डोंगरावरचं धुकं,
आणि लग्न ठरलेली आम्ही चार जोडपी
संसार कसा करायचा ते शिकायला बसलेली.
पाद्री क्षमेबद्दल बोलले.
मग मेल्सिना नर्स उठली,
पिशवीतून एक कागदी फीत काढली.

"ओर्पा, डावा दंड."

मला वाटलं, झग्याचं माप घेतेय.
फीत फिरली आणि लाल पट्ट्यावर थांबली.
बावीस. हवेत साडेतेवीस.
फरक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा,
पण जे अजून जन्मालाच यायचंय
त्याची उंची इथून खुडली जाते, म्हणाली.
"दिवस गेल्यावर नाही गं,
दिवस जायच्या आधी. आत्ता."

येर्मियास हसला.
"तू किती ओढतोस?"
"बारा."
"बारा सिगारेटींत अंडी किती येतात?"
तो बाजारात मका तोलतो, हिशोबाचा पक्का.
मनात गुणाकार झाला, आणि हसू गेलं.

बोटाला सुई. रक्त नऊ पॉइंट सहा.
मी सांगितलं, शेवग्याचा पाला रोज असतो आमच्यात,
त्यावरच तर मोठे झालो सगळे.
"मोठे?" एवढंच म्हणाली,
आणि दाराच्या चौकटीकडे बघत राहिली.

आमच्या घरच्या कोंबड्या घालतात बाजाराची अंडी.
लहानपणापासून मोजतेय मी ती.
खाल्लेली मोजायला दोन हात पुरतील.

रात्री आमच्या अंगणात देण्याघेण्याची बैठक.
आमच्याकडे नवऱ्याने द्यायचं असतं:
चांदीची नाणी, नारिंगी मण्यांची माळ, डुकरं.
डुकरं पाच की सात, यावर कंदील दोनदा विझला.
येर्मियास उठला, बसला, परत उठला.
"चार कोंबड्या वाढवा. त्यांची अंडी ओर्पाची.
विकायची नाहीत.
आणि तिचं रक्त बारावर जाईपर्यंत
पाळण्याचं कुणी विचारायचं नाही."

काकालोक खोकले.
कुणीतरी म्हणालं, लग्नाआधीच लागला बायकोला चारायला.

तेव्हा त्याची आई पुढे आली.
नऊ बाळंतपणं, जगलेली पाच,
उभी राहिली की माझ्या खांद्याला लागते.
"ती फीत आहे का तुझ्याकडे?"
होती. भजनाच्या पुस्तकात जपून ठेवलेली.
तिने बाही वर सारली.
मी गुंडाळत गेले, गुंडाळतच गेले.
आकडा मी बोलले नाही.
"वाचता येत नाही मला," ती म्हणाली,
"पण लाल कळतं."

माझी आई आत गेली.
शनिवारच्या टोपलीतली दोन अंडी उकडून आणली:
एक माझ्या मक्यावर ठेवलं,
एक तिच्या हातात.
ती ते नुसतंच धरून बसली, गरम,
मुलाकडे बघितलं, दिराकडे बघितलं,
कुणाला द्यायचं असतं ते आठवत असल्यासारखी.
"तुम्हीच खा," मी म्हटलं.

मग पदराआड नाही, कंदिलासमोर
सोलायला लागली ती,
सावकाश,
टरफलाचा एकेक तुकडा मांडीवर गोळा करत.