अक्षर

तुरचीच्या मैदानावर नऊ महिने
उजवीकडे वळलो, डावीकडे वळलो.
कायद्याच्या तासाला झोपलो नाही कधी.
किमान बळ म्हणजे काय, पाच ओळींत लिहा.
चार ओळींत बसवलं होतं मी.
पाचवी कोरी राहिली.

आटपाडीत हजर झालो तेव्हा साहेबांनी
आधी माझे हात बघितले, मग अक्षर.
म्हणाले, अक्षर बरंय, डायरी तू लिही.
हातांचं बघू नंतर.

मार्चात एका डाळिंबाच्या बागेतून
मोटरीची केबल गेली, दोनशे फूट.
नेताना कुणी पाहिलं नव्हतं,
पण पालं कुठं पडलीत ते सगळ्यांना ठाऊक होतं,
माणगंगेच्या कोरड्या पात्रात, वेड्या बाभळींपल्याड.
तिथं जाऊन विचारायचं नसतं.
आणायचं असतं.

नाव?
फौजदार.
साहेबांनी पेन खाली ठेवलं.
नीट सांग.
फौजदार काळे, सायेब. आयनं ठिवलंय.

पहिली बसली ती नावासाठी.
केबलचा विषय नंतर निघाला.

घरातच एक फौजदार असला
तर बाहेरचा येणार नाही,
असं वाटलं असेल का त्या बाईला?

त्याच संध्याकाळी पुढच्या खोलीत
एका बड्या घरचं पोरगं बसलं होतं.
गाडीखाली म्हातारा घेतला होता त्यानं, खरसुंडीच्या रस्त्याला.
त्याला खुर्ची होती. पंखा त्याच्या बाजूला वळवलेला.
चहा मीच सांगून आलो,
दोन कट, एक बिनसाखरेचा त्याच्या मामाला.
परत आलो तर गेंड हवालदार पट्टा धरून उभे.
नवा हाईस, म्हणाले, हात मोकळा कर.

किती मारले?
जबाबात तीन लिहिलेत.
तीन हा आकडा बरा दिसतो.
पट्ट्याचे तीन. चपराक कुणी मोजत नाही.

रात्री डायरी लिहिली:
इसम पळून जाण्याच्या प्रयत्नात पडला,
डाव्या कानास किरकोळ दुखापत.
जोडाक्षरं सुटी, वेलांट्या गोल.
साहेबांनी वाचून मान हलवली.

केबल आठवड्यानं सापडली.
बागवाल्याच्या भावानंच काढून
आपल्या विहिरीवर टाकली होती.
ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे.

आमचा आजा रामोशी.
तरणा असताना रोज रात्री चावडीवर हजेरी.
नाव पुकारलं की ओ द्यायची, बस्स.
एका रात्री अंगात ताप होता, ओ उशिरा निघाली.
आज्याशी उजवीकडून बोलायचं,
एवढंच आम्हा पोरांना माहीत.
का, ते कुणी सांगितलं नाही.
मारणारा उजवा असला
की डावाच कान जातो,
हे मला आटपाडीत कळलं.

आता चौकशी सांगलीत, विश्रामबागला.
साहेबांची बदली झाली. गेंड आजारी रजेवर.
अहवालात बक्कल नंबर एकच, माझा.
वकील म्हणतो, सांग, नवा होतो, हुकूम होता.
खरंच आहे.
नवा होतो. हुकूम होता.
हात मात्र
मी दुसऱ्या कुणाचा आणला नव्हता.

फाटकाबाहेर लिंबाखाली ती बसलेली.
मी साध्या कपड्यांत.
भाऊ, लिवता येतं का? अर्ज हाय येक.
तिच्या उजव्या बाजूला फौजदार.
त्यानं मला ओळखलं.
बोलला काही नाही, फक्त
कागद गुडघ्यावर ठेवायला
पिशवी पुढं सरकवली.

मी, खाली अंगठा करणार, इथवर लिहिलं.
मग ती म्हणाली, मारणाराचं नाव ठावं न्हाई,
तितं जागा सोडा.

फौजदार माझ्या हाताकडं बघत होता.

मी आधी शिरोरेघ ओढली,
शाळेत ओढायचो तशी,
नाव मावेल एवढी.