ग्राह्य धरता येत नाही

टीव्ही म्हणतो, जोडलं गेलंय.
खालच्या ओळीत म्हणतो, पण इंटरनेट नाही.
म्हणजे दार उघडं
आणि आत हाक मारली तर कुणी ओ देत नाही, तसं.

टिळकनगरात दुपारभर वीज नव्हती,
रस्ता खणताना केबल तोडली म्हणे कुणी.
आली तेव्हापासून याचं हे असं.
कुमुदने खिचडीचा कुकर लावलाय
आणि तिला तिची ती जपानी मालिका हवी आहे,
म्हाताऱ्या सुताराची, जो कुणाशी बोलत नाही.

मी राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
चपलांच्या कपाटावरून उचलून फ्रिजवर ठेवला.
यादीत अख्खी बी विंग उतरली:
मंगलमूर्ती, खारकर फाइव्ह-जी, पिंटूचा फोन,
एकाचं नाव नुसतंच 'विचारू नये'.
आमचं सगळ्यात वर, कमानी पूर्ण भरलेल्या.
पासवर्ड पुन्हा घातला, रिमोटने एकेक अक्षर शोधत:
कुमुदचं नाव आणि लग्नाची तारीख.
बरोबर होता. तारखा मी चुकत नाही.
एकतीस वर्षं एम वॉर्डात, जन्म-मृत्यू नोंदणी,
खिडकी क्रमांक चार.

कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, फॅक्टरी रिसेट करा, सर.
मी म्हटलं, बाई, त्याआधी दुसरं काही?
ती म्हणाली, त्याआधी मी तुम्हाला होल्डवर ठेवते.

शेवटी सातशेतीनची जुईली आली, वय अकरा,
एका हातात अर्धा पेरू.
सेटिंगच्या गल्लीबोळांतून कुठे कुठे जाऊन
एका ओळीपाशी थांबली.
"काका, याच्याकडे आज एक जानेवारी दोन हजार पंधरा आहे."
मग?
"मग त्याला समोरचे सगळे खोटारडे वाटतात.
त्यांच्या सर्टिफिकेटवर पुढची तारीख आहे ना.
जी अजून आलीच नाही, ती."

मी सोफ्याच्या हातावर टेकलो.

शहाण्णव साल असेल, फेब्रुवारी.
यल्लव्वा पुजारी. नवऱ्याचा दाखला हवा होता,
त्याच्या जागी झाडूकामावर लागायचं होतं.
इस्पितळाच्या चिठ्ठीवर जानेवारी पंच्याण्णव.
नवं साल लागलं की आठ-पंधरा दिवस हात जुनंच लिहितो,
हे मला ठाऊक होतं. माझाही लिहायचा.
तरी म्हटलं, कागदाप्रमाणे तुमचा नवरा
वर्षापूर्वीच वारलेला आहे.
ग्राह्य धरता येत नाही.
ती म्हणाली, मग साहेब,
वर्षभर मी भाकरी कुणाला वाढली?

रांगेत कुणीतरी हसलं. मीही.
दुरुस्त करून आणा, म्हटलं. तीन खेपा.
चौथ्यांदा ती आली नाही, कागद आला,
कुणा पोराच्या हाती, बिनचूक तारखेचा.
मी शिक्का मारला. पोराने न वाचताच घडी घातली.
जागा तोवर राहिली होती का, विचारलं नाही.
ते खिडकी चारचं काम नव्हतं.

"काका, तुम्हीच करा," जुईलीने रिमोट दिला,
"साल वर न्या."
एकेक दाबत गेलो. सोळा. सतरा. अठरा.
मधलं एक साल न बघताच ओलांडलं.
आजच्या तारखेवर येऊन ओके म्हटलं
तर त्याने एक प्रश्न विचारला नाही.
ना अर्ज, ना साक्षीदार, ना उद्या या.
गोल फिरला, थांबला,
आणि सगळ्यांवर एकदम विश्वास ठेवला.

कुमुद हात पुसत बाहेर आली.
काय हो, काय झालं होतं याला?
तारीख चुकली होती.
एवढंच?

एवढंच, मी म्हटलं.
आत तिसरी शिट्टी झाली.
जुईली पेरूच्या बिया कुठे टाकू विचारत होती,
आणि सुतार रंधा मारत होता,
कुणाशी बोलत नव्हता.