सदऱ्याचा वास

लाखोरीची भजी साकोलीत खाल्ली,
कढईपाशी, उभ्यानंच.
हातातल्या कागदावर कसलीशी निविदा सूचना
तेलानं आरपार दिसू लागलेली.
हिरामणभाऊ म्हणाले, पोट राखा, खरं जेवण पुढं आहे.
तीस वर्षं त्यांचं खरं जेवण पुढंच आहे.

देवरीच्या अलीकडे तळ्यातले झिंगे, वांग्यात,
इतके तिखट
की दहा किलोमीटर कुणी बोललं नाही.

मग डांबर सुटलं.
चैत्र. साग उघडे, सावली नावालाही नाही,
आणि काच खाली करताच तो वास.
गूळ जरा करपावा तसा. नाही,
आंबलेल्या फणसासारखा. तसाही नाही.
मी ओळखत होतो त्याला, नाव आठवत नव्हतं.

मोहाखाली पाचोळा जाळून केलेलं काळं अंगण,
त्यावर रात्रभर गळलेली फुलं.
सुकवारोबाई कोरेटी वाकूनच म्हणाल्या,
"उशीर केला जी तुमी.
पहाटे अस्वल होता अन् मी होती. दोघंच."

पळसाच्या पानावर लाटा दिला त्यांनी,
भाजलेली फुलं, तीळ, जवस, एकत्र कुटलेलं.
दाताला चिकटला. हिरामणभाऊंनी तीन खाल्ले
आणि पुढच्या जेवणाचं नावच काढलं नाही.

मागे चुलीवर मडक्यावर मडकं,
सांध्याला ओली माती, बांबूची नळी,
थेंब, थेंब.
पहिल्या धारेतले चार थेंब त्यांनी भुईला दिले,
कुणाकुणाची नावं पुटपुटत.
मला गाडी हाकायची होती, म्हणून बोटभरच.
जीभ पेटली,
आणि बाबा आठवले.

बाबा दारूबंदीत शिपाई होते.
काठीला लोखंडी टोक.
एका धाडीत वीस-वीस मडकी फोडायचे.
आई त्यांचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची, नाक मुरडून.
मी मात्र खुंटीवरल्या सदऱ्यात तोंड खुपसून उभा राहायचो.
मला वाटायचं, बापाचा वास असाच असतो.

"मडकं नवं दिसतंय," मी म्हटलं.
"जुनं फुटलं."
"कुणी फोडलं?"
त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.
"मडकं हाये बाबू. फुटते."

मी आडनाव सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.
निघताना ओंजळभर फुलं
खिशात घातली त्यांनी माझ्या, वरच्या,
आणि खिसा ओला होत गेला
चिचगडपर्यंत.