नवतप्यातली रात्र

देवा, मले मागता येत नाही.
बायको असती तं तिनं नीट मागितलं असतं,
नारळ, सोमवार, असं काहीतरी बोलून.
मले कूलर येते.
मोटर, पंप, खसची ताटी,
तापला वारा पाण्यातून कसा न्यावा,
इतकंच येते.

मेडिकलच्या व्हरांड्यात बसलो आहे.
रात्रीचे दोन, अन् फरशी अजून तव्यावानी.
बाजूले एक म्हातारा चपला उशाशी घेऊन झोपला.
आत रोशन आहे,
उईकेचा रोशन, देवलापारचा, एकोणीस वर्षांचा.
बोलत नाही. काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या त्याच्या.

ऊन लागलं, असं मी कागदावर लिहून दिलं.
तुले खरं सांगतो.
दुपारी दोनले मीच धाडलं त्याले
मानेवाड्यात, टिनाच्या छतावर.
गिऱ्हाईक फोनवर फोन करून राहिलं होतं.
पोट्टं म्हणे, काका, चार वाजता जाऊ का?
मी म्हटलं, काहून, विरघळतो का बे?
हासलो होतो मी, देवा.
दुपट्टा ओला करून जा, एवढंही म्हटलं नाही.

पाचपावलीच्या मारुतीले मागल्या साली
मी कूलर फुकट बसवून दिला,
याची आठवण करून देणार होतो तुले.
पण मोटरचे पैसे घेतले होते.
तं जाऊ दे.

हिशेब नको काढू.
उन्हाचं कुत्रं नालीत जाऊन बसते,
नाली त्याले विचारत नाही तू कोणाचा.
तसं ओलं काही असन तुझ्यापाशी
तं त्या पोट्ट्याच्या अंगावरून जाऊ दे.
उरलं तं माझ्या.

व्हरांड्याच्या टोकाले सरकारी कूलर आहे.
तीन घंट्यांपासून त्याचा आवाज आयकून राहिलो.
पंप कोरडा फिरते, कोणाले कळत नाही.
शेवटी उठलो, पिन काढली,
पाईपातला कचरा तोंडानं ओढला.
जिभेवर शेवाळ आलं.
गार्ड बोंबलला,
मग तोच बादली भरून घेऊन आला.
ताटीवरून पाणी उतरलं तसा
म्हातारा झोपेतच कूस बदलून वाऱ्याकडे वळला.

ही लाच नाही.
हात रिकामे राहिले तं थरथरतात.

पहाटेच्या एसटीनं त्याची माय येईल.
तिनं विचारलं, जेवला होता का माझा लेक,
तं माझ्यापाशी उत्तर आहे.
हो, माझ्याच डब्यातलं, वांग्याची भाजी,
दोन पोळ्या अन् वरून अर्धी.
तिनं दुसरं काही विचारलं तं
तू माझ्या बाजूले उभा राह्य.
बोलू नको. नुसता उभा राह्य.

थांब जरा.
आतून नाव पुकारून राहिले कोणाचं तरी.
उई, का उके,
कूलरच्या आवाजात नीट आयकू येत नाही.