लेबल

गेटवर नंदेश्वरनं आज मला अडवलं.
कार्ड घरी राहिलं होतं, गोळीबार चौकात, कूलरवर.
"हेडाऊ साहेब, तुमाले मी वळखतो.
पण वळखून का करू? कार्ड पायजे."
सात वर्षं झाली आम्ही एका टपरीवर चहा पितो.
शेवटी रजिस्टर. नाव, वेळ, काम, सही.
रात्रीचे सव्वाअकरा, आणि सिव्हिल लाइन्सची भिंत
अजून दुपारसारखी तापलेली.

वर सर्व्हरचंही तेच : परवानगी नाही.
जुन्या शाळांचे दाखले, चाळीस हजार स्कॅन;
सकाळी दहाला खिडकीशी माणसं उभी राहणार.
फाइलींचा मालक बरोबर. वाचायची मुभा सगळ्यांना.
माझ्या हातानं उघडतात,
वेबसेवेच्या हातानं नाही.

सव्वाबाराला वैतागून पहारा सैल केला :
अडवू नको, नुसतं लिहून ठेव.
चाललं. मी खुर्चीवर पाय घेतले.
पावणेएकला पुण्याहून तो आला
(माणूस नव्हे, दर अर्ध्या तासानं फिरणारा एजंट)
आणि कडी लावून गेला.
मी पुन्हा काढली. त्यानं पुन्हा लावली.
तिसऱ्यांदा काढायची मलाच लाज वाटली.

मग लॉग वाचला, एकेक शब्द,
बाबा मागावर तुटलेला धागा शोधायचे तसा, बोटानं.
सापडलं. निमजेनं फाइली स्वतःच्या फोल्डरातून आणताना
कॉपी केल्या नव्हत्या, हलवल्या होत्या.
कॉपीला नव्या जागेचं लेबल लागतं.
हलवलेली फाइल जुनंच अंगावर घेऊन येते.
इतके दिवस सर्व्हरवर राहूनही
ह्यांच्यावर लिहिलेलं : घर.

एक स्कॅन उघडून पाहिला, सहज.
जातीच्या रकान्यात दोनदा खोडलेलं, तिसऱ्यांदा लिहिलेलं,
शाई तीन तऱ्हेची.
आमच्या आजोबाचाही असाच आहे.
समितीनं विचारलं होतं, ह्यातलं खरं कोणतं?
मी तो बंद केला.

लेबलं एका कमांडनं बदलतात,
पण हा फोल्डर पुण्याच्या नियमांत नव्हताच.
चार ओळींचा नियम लिहिला, पाठवला, थांबलो.
तीन दहाला उत्तर आलं, कुणी किल्लेदार :
"नियम घातला. पुन्हा बंद करू नका."

उतरलो तेव्हा उजाडत होतं.
"झालं का, साहेब? कोन अडवून रायलं होतं?"
"होता एक, तुझ्यासारखा."
नंदेश्वरनं रजिस्टर पुढे सरकवलं.
"जातानी बी सही लागते.
तिथं नाई. ह्या रकान्यात."